निव्वळ वजन

वजनेमापे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाबरोबर किराणा आणायला जाणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी तसा माणूस नाही त्यांना सांगून कळायचं नाही. आमच्या घरी आहे. आप्पा. वय ऐंशीच्या पुढे, शुगर त्याच्याही पुढे. सांगली, विटा, कऱ्हाड, सातारा अशा बदल्या घेत त्यांनी आयुष्यभर दुकानदारांच्या तराजूंवर शिक्के मारले, आणि जे तराजू शिक्क्याच्या लायकीचे निघाले नाहीत त्यांच्या मालकांवर खटले भरले. परिणाम असा की लहानपणी आमच्या घरी साखर कधी एका ग्रॅमनं कमी आली नाही, आणि इतर पोरांच्या हातावर वाणी जो गुळाचा खडा ठेवायचा तो माझ्या हातावर कधी पडला नाही. मला पाहिलं की वाणी गुळावर पोतं टाकायचा. फुकटचा खडा ही लाच असते, हे मला चौथीत असताना नीट बसवून समजावण्यात आलं होतं.

आप्पांच्या शाळकरी वयात देश शेर-पायलीवरून किलो-लिटरवर आला. कायदा १९५६ साली झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो बाजारात उतरला आणि १९६२ च्या एप्रिलपर्यंत शेर आणि मण सरकारी हिशेबातून गेले. पक्का शेर साधारण ९३३ ग्रॅमचा. आप्पांची आजी म्हणे बरेच दिवस किलोचे पैसे मोजून शेरभर डाळ घरी आणायची आणि वाण्याला वर आशीर्वाद द्यायची. हे नातवाच्या लक्षात आलं. खात्यातला एक निरीक्षक त्या दिवशीच तयार झाला, नेमणुकीचं पत्र तेवढं नंतर आलं.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, २००९ साली, वजनमापांचा नवा कायदा आला. २०११ ला पाकीटबंद मालाचे नियम आले. आप्पांनी दोन्हींच्या प्रती मिळवून, लाल पेन्सिलीनं खुणा करून, पाठ केल्या. खातं आपल्याला केव्हाही परत बोलावेल, तेव्हा तयारीत असावं, असं त्यांच्या मनात असावं. खात्यानं बोलावलं नाही. मग त्यांनी मला बोलावलं.

सांगलीत असेपर्यंत निदान माणसं ओळखीची होती. महिन्याचा किराणा गणपती पेठेतून यायचा. यादी आई सांगायची, लिहायचे आप्पा, उचलायला मी. आप्पा पेठेत शिरले की एक दुकानदार दुसऱ्याला नुसता खाकरून दाखवायचा. खुर्ची पुढे यायची, चहा मात्र कोणी विचारायचा नाही, कारण चहाचे पैसे आप्पा मोजून देत आणि ते घेताना दुकानदाराला मेल्याहून मेल्यासारखं होई. शाळूचा दाणा दाताखाली कट्‌कन वाजला पाहिजे. हळकुंड मोडल्यावर आतून कसं दिसतं ते उजेडात नेऊन बघायचं. गूळ फार पिवळाधमक दिसला की, “ह्याला कावीळ झालीय, दुसरा दाखवा.” सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपर बाजूला ठेवून आप्पा म्हणाले, “उशीर केला की रे!” त्यांनी ते आपल्या पातळीवर केव्हाच देऊन टाकलं होतं.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ ची. आमच्या जिन्याच्या पायऱ्या एकेक करून बुडत होत्या आणि आप्पा वरून प्रत्येक पायरीची वेळ वहीत टिपत होते. पाणी ओसरलं, घर धुऊन झालं आणि मी आई-आप्पांना साताऱ्याला घेऊन आलो. कृष्णा महाबळेश्वराहून निघून वाई, माहुली, कऱ्हाड करत सांगलीला जाते. ते दोघं त्याच वाटेनं उलटे आले. साताऱ्यात त्यांना पहिल्या दिवसापासून काही पटलं नाही. गाव सगळं उतारावर, “इथं तराजू तरी सरळ राहतो का?” कोरेगावचा वाघ्या घेवडा तेवढा त्यांनी मान्य केला. कंदी पेढेही मान्य झाले असते, पण ते आमच्या फ्रिजच्या दारावर लावलेल्या मनाईच्या यादीत पहिल्या नंबरवर आहेत. यादी माझ्या बायकोच्या हातची. तिच्यावर ना खटला चालतो ना अपील.

मोती चौकातल्या वाण्याकडून सामान यायचं ते ठीक चाललं होतं. पण मला कुठून दुर्बुद्धी सुचली आणि मी म्हणालो, “आप्पा, एकदा मोठ्या दुकानात जाऊ. सगळं एका छपराखाली मिळतं, वातानुकूलित आहे, तुम्हाला बरं वाटेल.” महामार्गाकडच्या त्या दुकानाचं नाव सांगत नाही, त्यांचा काही दोष नव्हता.

दारातच अडलो. रखवालदारानं आप्पांची शबनम चाचपली.

“आजोबा, पिशवीत काय आहे?”

“वजन.”

“कसलं वजन?”

“दोनशे ग्रॅम.”

रुमालात गुंडाळलेलं पितळी वजन निघालं. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेलं. लोकांना घड्याळ देतात, शाल देतात. आप्पांना हे दिलं, आणि ते त्यांच्याबरोबर सगळीकडे जातं, देवळातसुद्धा. रखवालदारानं वजन हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. शेवटी, “फेकून मारणार नाही ना?” एवढीच हमी घेऊन त्यानं आत सोडलं.

आत गेल्यावर आप्पा थेट भाजीच्या काट्याकडे. काट्यावरच्या मुलीला म्हणाले, “बाळ, जरा सरक.” वजन ठेवलं. काट्यावर २०० उमटले. उचललं, पुन्हा ठेवलं, कोपऱ्यात ठेवलं, मध्यावर ठेवलं. २०० म्हणजे २००. मग वाकून, चष्मा कपाळावर नेऊन, त्यांनी यंदाच्या पडताळणीचा शिक्का शोधला. इलेक्ट्रॉनिक काट्याला तो दरवर्षी लागतो. शिक्का होता. त्यांचा चेहरा पडला. चोर नसलेल्या गावात फौजदारानं करायचं काय? तोवर आमच्यामागे भेंडी आणि दोडके घेऊन रांग लागली होती, आणि त्यातल्या एका बाईंनी मला विचारलं, “तुम्ही सरकारी का?” मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते माझं मलाच ठाऊक नाही. पण त्यानंतर दुकानातला एक टाय लावलेला तरुण अदबीनं चार पावलं मागे राहून आमच्याबरोबर फिरू लागला.

गिऱ्हाइकानं आपल्या हातानं फळीवरचा माल उचलायचा, ही कल्पना १९१६ साली अमेरिकेत मेम्फिस शहरातल्या एका दुकानदारानं काढली. ढकलगाडी आली १९३७ साली, ओक्लाहोमात. सुरुवातीला ती ढकलायला गिऱ्हाइकं लाजत, म्हणून मालकानं म्हणे माणसं पगारावर ठेवून त्यांच्याकडून दुकानभर गाड्या ढकलून घेतल्या. साताऱ्यात ते काम मी बिनपगारी करत होतो. माझ्या गाडीचं पुढचं एक चाक दुसऱ्याच दिशेला जाण्याच्या मताचं होतं. आप्पा पुढे, गाडी तिरकी, मी तिच्या मागे, टाय माझ्या मागे.

आप्पांनी फळ्या वाचायला घेतल्या. फळ्या लोक बघतात, आप्पा वाचतात. निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीचा पत्ता. अर्धा ते एक किलोच्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंतची चूक नियमाला चालते. आप्पांना चालत नाही. त्यामुळे पोह्यांची दोन पाकिटं दोन हातांत धरून, डोळे मिटून, जड कुठलं ते ठरेपर्यंत आम्ही तिथे उभे. आता पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडतात तेही छापावं लागतं. ते बारीक अक्षर मला दिसेना, म्हणून मी मोबाइलवर भागाकार करायला घेतला. तोवर आप्पांनी दिडकी-औटकीच्या पाढ्यांवर हिशेब करून मोठ्या पाकिटापेक्षा दोन छोटी स्वस्त पडतात हे जाहीरही केलं. टायनं ते लिहून घेतलं. माझ्या मोबाइलच्या हिशेबानं पोहे किलोला ४ रुपये पडत होते. दशांश चिन्ह कुठेतरी घसरलं होतं.

इथपर्यंत अपमान झाला, नुकसान नव्हतं. ते व्हायचं होतं.

इसबगोल, रवा, साबुदाणा, कापूर, उदबत्ती, कवळी धुवायची पावडर, कपड्यांचा साबण असं आमचं सामान गाडीत जमलं होतं. मी ऑफिसचा फोन घ्यायला एका कोपऱ्यात गेलो. फोन लांबला. परत आलो, गाडी घेतली, तिचं चाक चक्क सरळ चालतंय हे लक्षातही आलं, नशीब पालटलं म्हणून बरंही वाटलं, आणि मी ती काउंटरवर नेली. मुलगी एकेक वस्तू यंत्रासमोर धरत होती. मी मान खाली घालून मोबाइलवरून पैसे पाठवायच्या खटपटीत. रेंज नाही. मग रेंज आली, पिन चुकला. मग पिन आठवला, गोल गोल फिरणारं ते चक्र काही थांबेना. मागून कोणीतरी “काका, आटपा की” म्हणालं. शेवटी आप्पांनी सदऱ्याच्या आतल्या बंडीत हात घातला, प्लास्टिकच्या पिशवीतून नोटा काढल्या, थुंकी लावून मोजल्या आणि दिल्या. बिलाची बेरीज त्यांनी तोंडी पडताळली. बरोबर होती.

गाडीत बसल्यावर आप्पा बराच वेळ गप्प होते. मग एकदम माझ्या मांडीवर थोपटून म्हणाले, “सूनबाईची तब्येत बरी आहे ना?”

“हो. का?”

“नाही, विचारलं आपलं. जपायला पाहिजे आता.”

मला वाटलं, म्हातारपणी माणूस हळवा होतो. तेवढ्यात त्यांनी भूक लागल्याचं सांगितलं. समोरच तांबड्या-पिवळ्या दिव्यांचं एक बर्गरचं दुकान होतं. फ्रिजच्या दारावरच्या यादीत बर्गर नव्हता; बायकोला तो धोका तेव्हा सुचलाच नव्हता. कायद्याच्या पळवाटा शोधणं मी आप्पांकडूनच शिकलोय. आत गेलो.

ऑर्डर घ्यायला माणूस नाही, पुरुषभर उंचीचा पडदा. “माणूस कुठाय?” आप्पांनी विचारलं. मी सराईतासारखी बोटं चालवली. त्या पडद्याची भूक माझ्यापेक्षा मोठी. चीज हवं? मोठं हवं? सोबत काही हवं? सांगलीच्या पेठेत एवढा आग्रह आप्पांना जन्मात कोणी केला नसेल. नको म्हणण्याची खूण कुठल्या कोपऱ्यात आहे ते सापडेपर्यंत आमच्या नावावर एक बर्गर, बटाट्याच्या काड्यांचे दोन डबे आणि बादलीएवढं काळं पेय लागलं होतं.

बर्गर एकच, कारण शुगर. आप्पांनी प्लास्टिकची सुरी घेतली आणि त्याचे दोन भाग केले. दोन तळहातांवर दोन भाग ठेवले. उजवा किंचित खाली गेला. उजव्यातलं कोबीचं एक पान काढून डाव्यात घातलं. पुन्हा तोललं. मग आणखी एक कांद्याची चकती. शेजारच्या टेबलावरची कॉलेजची पोरं खायचं थांबवून बघत होती. “आता बरोबर,” असं म्हणून त्यांनी एक भाग मला दिला. मग एक घास खाऊन बराच वेळ चावत राहिले.

“कसा आहे?”

“ह्यात सगळं आहे. वडा तेवढा नाही.”

वडापाव दादर स्टेशनाबाहेर १९६६ साली अशोक वैद्यांनी सुरू केला असं मानतात. आप्पा खात्याला लागले तेही त्याच सुमाराला, त्यामुळे तो त्यांच्या बॅचचा. बर्गर खूपच ज्युनिअर. काड्यांबद्दल त्यांचं म्हणणं असं की खोकं उंच आणि तळ वर उचललेला, म्हणजे माप फसवं. वजनमापांच्या १९७६ च्या कायद्याखाली केस झाली असती. आणि जगातला सगळ्यात जलद पदार्थ सांगलीचा भडंग. चुरमुऱ्यावर लसणीचा मसाला अगोदरच लावलेला, कांदा चिरला आणि लिंबू पिळलं की झालं. त्याला पडदा लागत नाही, सुरी लागत नाही. हे सगळं ते मोठ्यानं सांगत होते. कॉलेजच्या पोरांतल्या एकानं उठून, “आजोबा, भडंग कुठला चांगला?” असं विचारलं. मग आप्पा त्यांच्या टेबलावर गेले ते तिकडचेच झाले. पोरांनी त्यांना आपल्या काड्या दिल्या. त्यांनी त्या खाल्ल्या. मी हिशेब ठेवला नाही, आणि त्यांनी ठेवला असेल तर सांगितला नाही. उरलेलं काळं पेय टाकून कसं द्यायचं म्हणून मी एकट्यानं संपवलं.

परतताना राजवाड्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. तिथल्या चौपाटीला समुद्र नाही, पण भेळ आहे. “तोंडाची चव जाऊ दे,” म्हणून एक भेळ, दोन चमचे. ती वाटून घेताना तळहाताचा तराजू चालत नाही, म्हणून एक घास तू, एक मी. शेवटी घास विषम निघाले. तो जास्तीचा घास कोणाचा, यावर आम्ही भेळवाल्यासमोर वाद घातला. वरिष्ठतेनं तो आप्पांना गेला.

घरी पोचलो. मी शर्टावरचा सॉस हात आडवा धरून झाकला. बायको पिशव्या उपसू लागली आणि एकदम थांबली. टेबलावर क्रमानं आलं: लहान मुलांच्या डायपरचं भलं मोठं पाकीट, बाळाचा साबण, बाळाचं तेल, ओट्स, चीज आणि पिस्ते. इसबगोल नाही. कापूर नाही.

“हे काय आहे?”

मी उत्तर जुळवत होतो तोवर आतून आई आली. आप्पा तिच्याकडे बघून हसत होते. आईनं डायपर पाहिले. माझ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि पदर डोळ्याला लावला. आमची मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी एकावन्न वर्षांचा आहे. बायको किती वर्षांची आहे ते लिहिलं तर हा लेख माझा शेवटचा ठरेल.

“आप्पा, तुम्ही काउंटरवर उभे होतात! डायपर दिसले नाहीत तुम्हाला?”

“दिसले की. नग मोजून घेतले. बरोबर आहेत.”

“पण आपले नाहीत ते!”

“माल बरोबर आहे का ते बघणं निरीक्षकाचं काम. कुणाचा आहे ते तू बघायचं.” थोडं थांबून, जरा ओशाळून, “मला वाटलं, काही बातमी आहे.”

या गोंधळात बर्गर तरी दडला, असं मला वाटलं. पण बायकोनं शर्टाकडे बोट केलं. मी म्हणालो, “वाटेत जरा चहा घेतला.” आप्पांनी मला तिथेच उघडं पाडलं. खोटी मापं त्यांनी कधी खपवून घेतली नाहीत. “चहा नाही, बर्गर. मी बरोबर अर्धा खाल्ला. जास्त नाही.” काड्या आणि भेळ यांबद्दल कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे ते सांगण्याचा प्रश्न आला नाही. त्या रात्री शुगर मोजली तेव्हा यंत्रानं ती हकीकत सांगितली. यंत्राची पडताळणी झालेली नाही, असा आक्षेप आप्पांनी घेतला, तो फेटाळण्यात आला. फ्रिजवरच्या यादीत बर्गर चढला आणि यादीखाली माझंही नाव आलं, सहआरोपी म्हणून.

डायपरचं प्रकरण तिथे मिटलं नाही. आईनं रात्रीच मिरजेच्या आत्याला फोन केला होता. नंतरचा खुलासाही केला म्हणे, पण बातमी आणि खुलासा यांचा वेग सारखा नसतो. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायला मिरच्या आणि हळद आणायची म्हणून आप्पांना घेऊन सांगलीला गेलो, तर दारातच आत्या: “अरे, पन्नाशी झाली की रे तुझी! असू दे, असू दे. देवाची इच्छा.” गणपती पेठेत आप्पांनी बेडगी आणि लवंगी दोन्ही मिरच्या निवडल्या, देठ मोडून बघितले, हळकुंडं उजेडात नेली. खाकरणारे दुकानदार आता म्हातारे झालेत. त्यांची पोरं गल्ल्यावर बसतात, पण खाकरणं पुढच्या पिढीत आलेलं आहे. पैसे देताना त्यातल्याच एका म्हाताऱ्या दुकानदारानं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. “पेढ्यांऐवजी समजा,” तो डोळे मिचकावून म्हणाला. मी आप्पांकडे पाहिलं. ते काट्याकडे पाहत होते. मी खडा पटकन तोंडात टाकला आणि काहीच खुलासा केला नाही.

डायपर परत देता आले नाहीत, कारण दुकानाला मूळ बिल हवं होतं आणि आप्पांच्या फाइलमधून मूळ कागद बाहेर जात नाही. झेरॉक्स मिळेल म्हणाले. दुकानाला झेरॉक्स चालेना. तेव्हा आता वाचकांनाच विनंती. साताऱ्यात महामार्गाकडच्या मोठ्या दुकानात ज्यांची बाळाच्या सामानाची ढकलगाडी हरवली, आणि जे त्याऐवजी इसबगोल, साबुदाणा आणि कवळी धुवायची पावडर घेऊन घरी गेले असतील, त्यांनी आमच्याशी संपर्क साधावा. पाकीट फोडलेलं नाही, नग पूर्ण आहेत, आप्पांनी दोनदा मोजलेत. पिस्ते मात्र आम्ही खाल्ले. त्यांचे पैसे निव्वळ वजनावर देऊ.